समुद्रातली जागा किती अचूक?

अजिंठ्याच्या 2 क्रमांकाच्या लेण्यात एक शिडाचं जहाज रंगवलेलं आहे. ते पूर्णाच्या कथेतलं, आणि पूर्ण हा सोपाऱ्याचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा व्यापारी. त्याच्या त्या किनाऱ्यावर, वसईपासून डहाणूपर्यंत, समुद्रातली जागा पक्की करण्याची रीत गेल्या तीसेक वर्षांत पार बदलली.

आधी तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, दोन खुणा जुळवायचा. देवळाचा कळस मागच्या डोंगराच्या टोकाशी सरळ आला की एक रेघ; दुसऱ्या बाजूला तशीच दुसरी. दोन्ही छेदतात ती जागा. शिशाचं वजन सोडून किती वाव पाणी आहे ते पाहायचं, की खात्री झाली. धुकट हवेत किंवा किनारा दिसेनासा झाल्यावर मात्र सगळा अंदाज.

जीपीएस आलं तेव्हा तेही फार नेमकं नव्हतं. अमेरिकी लष्कर नागरी संकेतात मुद्दाम चूक घालत असे. दाखवलेली जागा 100 मीटरपर्यंत इकडेतिकडे असायची. मे 2000 मध्ये ती चूक काढून टाकली आणि यंत्र रातोरात सुधारलं. आज उघड्या समुद्रावर साधं यंत्रही पाचदहा मीटरांत जागा दाखवतं.

पण जागा नोंदवणारा हात तोच राहिला. 19 अंश 30.50 मिनिटं आणि 19 अंश 30 मिनिटं 50 सेकंद हे आकडे घाईत सारखेच दिसतात. प्रत्यक्षात दोन्हींत सहाशेहून अधिक मीटरचं अंतर पडतं. मोबाइलवरून जागा कळवताना हा घोळ सहज होतो.

डोल जाळ्यांच्या बाबतीत हे जास्त बोचतं. डोल लावायला समुद्रतळात खुंट ठोकतात, त्याला इकडे कव म्हणतात. वर तरंगतो तो बोया. भरतीत तो एकीकडे ओढला जातो, ओहोटीत उलट दिशेला. बोयाशी बोट लावून बटण दाबलं तर यंत्र बोटीवरच्या अँटेनाची जागा लिहून घेतं, तळातल्या खुंटाची नाही. ही तफावत उपग्रहाच्या चुकीपेक्षा कितीतरी मोठी असू शकते. आणि कवींच्या हद्दीवरून वसई आणि सातपाटी-डहाणूकडच्या मच्छीमारांत जुना वाद आहे, हे विसरून चालणार नाही.

माशांच्या थव्याला एवढी अचूकता लागतच नाही. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था पाण्याचं तापमान आणि हरितद्रव्य उपग्रहातून पाहून मासळी मिळण्याच्या संभाव्य जागा कळवते. त्यात बंदरापासूनची दिशा आणि अंतर ‘इतक्या ते इतक्या किलोमीटर’ असं दिलेलं असतं. मासा काही एका बिंदूवर थांबत नाही. खडक, बुडालेली बोट आणि कव थांबतात.

30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरमधल्या एका कार्यक्रमात मासेमारी नौकांवर इस्रोने विकसित केलेले 1 लाख ट्रान्सपाँडर बसवण्याच्या योजनेची सुरुवात झाली. नौका कुठे आहे हे त्यातून कळेल. कव कुठे आहे हे त्यातून कळणार नाही. म्हणून मच्छीमार संस्थांनी आपल्या कवींची यादी करताना सगळे आकडे एकाच पद्धतीत लिहावेत, आणि नोंद भरती-ओहोटीच्या मधल्या थांबल्या पाण्यात, शेजारच्या गावाचा माणूस बोटीवर घेऊन करावी.