एकोणीस माणसं आणि परार्ध

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त संख्यांची नावं एक, दश, शत अशी चढत परार्धापर्यंत जातात. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. तिथे यादी संपते.

परार्ध ओलांडायला किती माणसं लागतात? एकोणीस. एकोणीस जणांना एका रांगेत जितक्या वेगवेगळ्या क्रमांनी उभं करता येतं, ती संख्या सव्वा परार्धाच्या आसपास भरते. अठरा जणांपर्यंत ती परार्धाचा जेमतेम पंधरावा-सोळावा हिस्सा असते; विसावा माणूस आला की एकदम चोवीस परार्ध. शंभर जण उभे केले तर त्यांच्या क्रमांची संख्या १५८ आकडी होते. दिसणाऱ्या विश्वातल्या अणूंचा अंदाज ८० आकड्यांच्या आसपास थांबतो, म्हणजे विश्व इथे कुठेच लागत नाही.

आता ही रांग हृदयविकाराच्या झटक्याची आहे असं समजा. आधी कोणाला, मग कोणाला, आणि कोणाला कधीच नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फ्रॅमिंगहॅम या गावी १९४८ साली ५,२०९ स्त्री-पुरुषांची नोंदणी सुरू झाली. दर दोन वर्षांनी त्यांना बोलवायचं, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, वजन, विडी-सिगारेट सगळं टिपायचं आणि वाट पाहायची. वैद्यकातला सगळ्यात संयमी उद्योग हाच असावा. १९७१ मध्ये त्यांच्या मुलांना आणि मुलांच्या जोडीदारांना घेतलं, ५,१२४ जण. २००२ पासून नातवंडांची पिढी, ४,०९५. ‘रिस्क फॅक्टर’ ही कल्पना वैद्यकात रुळली ती विल्यम कॅनेल आणि सहकाऱ्यांच्या १९६१ च्या याच गावावरच्या लेखापासून. पहिल्याच पिढीच्या ५,२०९ जणांचे संभाव्य क्रम मोजायचे तर उत्तर सतरा हजारांहून जास्त आकडी येतं. नुसतं छापायला मासिकाची सहा-सात पानं जातील, आणि वाचकांची पत्रं येतील ती वेगळीच.

प्रत्यक्षात घडतो त्यातला एकच क्रम. त्या एका क्रमावरून सिगारेटचा दोष किती, रक्तदाबाचा किती, हे काढायचं कसं?

१९७२ साली डेव्हिड कॉक्स या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने ते अपूर्णांकांचे गुणाकार करून काढलं. दहा माणसं घ्या, त्यात चार सिगारेट ओढणारी. सगळ्यांचा धोका सारखा असेल तर पहिला झटका अमुक एकालाच येण्याची शक्यता १/१०. पण ओढणाऱ्याचा धोका दुप्पट धरला तर चौघांचं वजन आठ, उरलेल्या सहांचं सहा, बेरीज चौदा. मग ओढणाऱ्या एखाद्या माणसाची शक्यता २/१४ आणि न ओढणाऱ्याची १/१४. पहिला माणूस रांगेतून गेला की उरलेल्या नऊ जणांची बेरीज नव्याने करायची, पुन्हा एक अपूर्णांक. शेवटच्या झटक्यापर्यंत असंच, आणि सगळे अपूर्णांक एकमेकांशी गुणायचे. दुप्पटीऐवजी दीडपट धरून पाहा, तिप्पट धरून पाहा. ज्या आकड्याला घडलेला क्रम सर्वांत संभाव्य ठरतो, तो आकडा हेच उत्तर. त्यालाच ‘हॅझार्ड रेशो’ म्हणतात. पहिला झटका तिसऱ्या वर्षी आला की तेराव्या, हेही इथे विचारावं लागत नाही. कोणामागे कोण एवढं पुरतं. सतरा हजार आकडी डोंगरातून वाट काढायला फार तर पाच हजार अपूर्णांक लागतात. मला तरी संख्याशास्त्रातली इतकी मोठी काटकसर दुसरी ठाऊक नाही.

पण रांग मध्येच मोडते. लोक गाव सोडतात, कंटाळून तपासणीला येईनासे होतात, अपघातात जातात. आणि अभ्यास संपतो तेव्हा बहुतेक जण सुखरूप असतात. त्यांना कोणत्या खात्यात धरायचं? या प्रश्नाने कॉक्सच्या आधी दोघा अमेरिकनांना गाठलं होतं. पॉल मायर कर्करोगाच्या रुग्णांचा हिशेब करत होते. एडवर्ड कॅप्लन बेल टेलिफोन लॅबोरेटरीजमध्ये होते आणि त्यांच्यापुढे समुद्राखालच्या टेलिफोन केबलमधल्या व्हॅक्यूम ट्यूब होत्या. त्या किती वर्षं टिकतील, हे सगळ्या जळून जाण्याची वाट न पाहता सांगायचं होतं. दोघांनी स्वतंत्रपणे जवळजवळ तोच मार्ग काढला, आणि १९५८ मध्ये दोघांचा मिळून एकच शोधनिबंध छापून आला.

मार्ग असा. दहा रुग्ण आहेत. एक दगावला, नऊ उरले: ९/१०. मग दोघे दुसऱ्या शहरात गेले, ठावठिकाणा नाही, उरले सात. त्यानंतर आणखी एक दगावला: ६/७. दोन्हींचा गुणाकार सुमारे ७७ टक्के. बेपत्ता दोघांना जिवंत धरलं असतं तर ८० टक्के आले असते, वहीतून खोडलं असतं तर ७५. कॅप्लन-मायर रीतीत ते दोघे जितका काळ डोळ्यांसमोर होते तितका काळ छेदात बसतात, नंतर शांतपणे उठतात. अट एकच: ते गेले त्याचं कारण त्यांच्या दुखण्यात नसावं. फारच आजारी झाल्यामुळे कोणी येईनासं झालं असेल तर हा सगळा हिशेब लटका पडतो, आणि अशी शंका घ्यायला प्रत्यक्षात नेहमीच जागा असते. ‘नेचर’ साप्ताहिकाने २०१४ मध्ये सर्वाधिक उल्लेखल्या गेलेल्या शोधनिबंधांची यादी केली, तेव्हा सर्व विज्ञानशाखांत मिळून हा निबंध अकरावा होता आणि कॉक्सचा चोविसावा.

मोठ्या आकड्यांना भुलायचं नसेल तर या शास्त्रात एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. किती माणसं अभ्यासली यापेक्षा किती घटना घडल्या यावर निकालाची ताकद ठरते. उत्तर युरोपातला ‘फोर-एस’ हा सिम्व्हास्टॅटिन या औषधाचा प्रयोग घ्या. ४,४४४ हृदयरुग्ण, मध्यक कालावधी ५.४ वर्षं, म्हणजे ढोबळ मानाने चोवीस हजार माणूस-वर्षं. तो थांबवायचा कधी, हे वर्षांवर ठरलं नव्हतं. ४४० मृत्यूंवर ठरलं होतं. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा औषध नसलेल्या नुसत्या गोळीच्या गटात २५६ आणि औषधाच्या गटात १८२, एकूण ४३८ माणसं गेली होती. धोका ३० टक्क्यांनी घटला असं निघालं. तेच शंभर रुग्णांमागे मोजलं तर पाच-साडेपाच वर्षांत तीन-चार जण जास्त वाचले. दोन्ही विधानं खरी आहेत. जाहिरातीत कोणतं छापतात ते सांगायला नको.

फरक जितका बारीक, तितके बळी जास्त लागतात, आणि ते फार वेगाने वाढतात. धोका निम्म्यावर आणणारं औषध ओळखायला, शंभरातल्या ऐंशी वेळा खात्री हवी असेल तर, साधारण ६५ घटना पुरतात. ३० टक्क्यांच्या घटीला सुमारे २५०, २० टक्क्यांना ६३० आणि १० टक्क्यांना २,८०० च्या वर.

म्हणूनच निकालाचे तुकडे करणं धोक्याचं. १९८८ चा ‘आयसिस-२’ हा प्रयोग १७,१८७ रुग्णांवर ४१७ रुग्णालयांत झाला होता. पहिल्या पाच आठवड्यांत हृदयरक्तवाहिन्यांच्या कारणांनी दगावणाऱ्यांचं प्रमाण ॲस्पिरिनने ११.८ टक्क्यांवरून ९.४ वर आणलं. हा फायदा कोणत्या गटाला किती, अशी विचारणा होणारच होती. तेव्हा संशोधकांनी मुद्दाम राशीनुसार फोड करून दाखवली. मिथुन आणि तूळ राशीच्या लोकांना ॲस्पिरिनचा उपयोग नाही, उलट किंचित अपायच, असं निघालं! (जन्मतारखेवरची पाश्चात्त्य रास बरं का, आपली चंद्ररास नव्हे.) एकूण मृत्यू अठराशेच्या घरात, बारा राशींत वाटले की वाट्याला येतात दीडशे. तेवढ्यात दैवयोग सहज फायद्याचा आव आणतो. वय, लिंग, मधुमेह अशी फोड करतानाही हेच घडतं, फक्त तिथे कोणाला हसू येत नाही.

यावर एक उपाय म्हणजे पातेलंच मोठं घेणं. ब्रिटनमधल्या ‘क्यूरिस्क-३’ या २०१७ च्या धोका-सूत्रासाठी ७८ लाख ९० हजार लोकांच्या दवाखान्यातल्या नोंदी वापरल्या. त्यांची मिळून ५ कोटी ८ लाख माणूस-वर्षं झाली. तेवढी वर्षं एकामागे एक जोडत भूतकाळात गेलं तर भारताचा भूखंड आशियावर आदळत होता त्या काळात आपण पोहोचतो. एवढ्या वर्षांत घटना ३,६३,५६५. सूत्र मात्र कॉक्सचंच. त्यात वंशाचाही रकाना आहे, आणि लंडनमधला मराठी माणूस ‘इंडियन’ या एकाच चौकटीत बसतो.

आपल्याकडचा आकडा म्हणून वारंवार सांगितला जातो तो असा: दक्षिण आशियात पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी, इतरत्र ५८.८ व्या. तो ५२ देशांतल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासातून आला आहे. २००७ च्या त्या लेखाने कमी वयात जमणाऱ्या धोक्यांचा पुरावाही दिला आहे आणि तो गंभीर आहे. पण नुसतं ‘५३ विरुद्ध ५८.८’ सांगण्यात एक खोच राहते. ज्या देशात तरुणच जास्त, तिथे झटका आलेल्यांचं सरासरी वय आपोआपही खाली येतं, कारण सत्तरीचे लोक मुळात थोडे. झटका न आलेल्यांची मोजदाद छेदात आल्याशिवाय ती खोच सुटत नाही. त्यासाठी वर्षाला शंभरात एक झटका धरला आणि दहा टक्क्यांचा फरक पकडायचा म्हटलं, तर २,८०० घटनांसाठी २ लाख ८० हजार माणूस-वर्षं हवीत: अठ्ठावीस हजार लोक, दहा वर्षं. गाव बदललं, मोबाइल नंबर बदलला, मुलाकडे दुसऱ्या राज्यात राहायला गेले, तरी प्रत्येकाचा माग ठेवून.