कलावंतांच्या जयंत्या, पुण्यतिथ्या आणि आपली पंचांगे

१५ जुलै ही तारीख दिनदर्शिकेत ठळक अक्षरांनी छापलेली नसते. नांदेड-लातूरकडे त्या सुमारास पेरण्या आटोपलेल्या असतात आणि सर्वांचे डोळे पावसाकडे लागलेले असतात. सभा-समारंभांस सवड कोणाला? परंतु संगीताच्या रसिकाने या तारखेपाशी थोडे थांबावे. १९०४ साली याच तारखेस गोव्यातील कुर्डी गावी मोगूबाई कुर्डीकरांचा जन्म झाला. (हे गाव पुढे साळावली धरणाखाली गेले आणि उन्हाळ्यात पाणी ओसरले म्हणजे त्याचे अवशेष वर येतात.) १९३१ साली याच तारखेस लोकशाहीर विठ्ठल उमप जन्मले. आणि १९६७ साली याच तारखेस पुण्यात बालगंधर्वांनी देह ठेवला. एक जयपूर घराण्याची ख्याल गायकी, एक भीमगीतांचा व लोकगीतांचा फड, एक नाट्यसंगीत. हे तीन प्रवाह एरव्ही एका मांडवात क्वचितच येतात. पंचांगाच्या एका चौकोनात मात्र ते शेजारी शेजारी बसले आहेत.

अशा योगायोगांची हौस आपल्या लोकांना फार. १२ जानेवारी घ्या. १९१८ साली या दिवशी पुणतांब्यास सी. रामचंद्र जन्मले आणि १९९२ साली याच दिवशी देवासला कुमार गंधर्व गेले. पण आपल्याकडे हा दिवस जिजाऊसाहेबांच्या आणि विवेकानंदांच्या जयंतीचा असल्याने या दोघांची आठवण गर्दीत मागे राहते. १ ऑगस्टची गोष्ट याच्या उलट. १९२० साली त्या दिवशी मुंबईत लोकमान्य टिळक निवर्तले आणि त्याच दिवशी वाटेगावला अण्णाभाऊ साठे जन्मले, म्हणजे येथे नुसती तारीखच नव्हे, तर सालही एकच. आमच्या मराठवाड्यात त्या दिवशी ज्या मिरवणुका निघतात त्या अण्णाभाऊंच्या, आणि त्यांत शाहिराच्या डफाला मान असतो.

काही योगायोग मनाला चटका लावणारे असतात. १३ ऑक्टोबर हा अशोककुमारांचा जन्मदिवस, जन्मसाल १९११. १९८७ साली बरोबर त्याच तारखेस त्यांचे धाकटे भाऊ किशोरकुमार गेले. थोरल्या भावाला त्यानंतर वाढदिवस तो कसला उरला? पु. ल. देशपांडे हे पेटी वाजविणारे आणि चाली बांधणारेही होते, म्हणून त्यांचे नाव येथे घेण्यास हरकत नाही. त्यांचा विवाह १२ जून १९४६ रोजी झाला आणि मृत्यू १२ जून २००० रोजी. लताबाई ६ फेब्रुवारी २०२२ रोजी गेल्या. आदल्याच दिवशी वसंतपंचमी होती, म्हणून सरस्वतीबरोबर त्याही गेल्या असे घरोघर बोलले गेले. पण ६ फेब्रुवारी हा कवी प्रदीपांचा जन्मदिवसही आहे, हे थोड्यांच्याच ध्यानात आले. चिनी आक्रमणानंतर २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत लताबाईंनी हुतात्म्यांच्या स्मरणाचे जे गीत गाइले ते प्रदीपांचे, आणि त्याची चाल सी. रामचंद्रांची.

आता प्रश्न असा की, यात नियतीचा हात किती आणि निव्वळ गणित किती? गणिताचे उत्तर रुक्ष आहे, पण ऐकण्यासारखे आहे. समोरच्या रांगांतले कोणतेही तेवीस लोक उभे केले, तर त्यांतील कोणा तरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेस असण्याचा संभव निम्म्याहून किंचित अधिक असतो. दिवस ३६५ आणि माणसे अवघी तेवीस, मग हे कसे? कारण आपण एका माणसाची तारीख जुळवीत नसून जोड्या जुळवीत असतो, आणि तेवीस माणसांत अशा २५३ जोड्या होतात. सत्तावन्न माणसे घेतली तर संभव शंभरांत नव्व्याण्णवावर जातो. कलावंतांच्या बाबतीत तर प्रत्येकाच्या दोन तारखा, एक येण्याची व एक जाण्याची. बारा कलावंत घेतले की चोवीस तारखा झाल्या आणि निम्म्याची मर्यादा ओलांडली. आपल्या आवडत्या शंभर गायक-वादकांची यादी केल्यावर तीत योगायोग सापडला नाही, तरच ते आश्चर्य मानावे. किशोरकुमारांचा योगायोग त्या घराला दुःखाचा होता हे खरेच. परंतु त्यासाठी ग्रहांना साक्षीला बोलावण्याचे कारण नाही.

योगायोगांवर भाव ठेवण्याची रीत मात्र जुनी आहे, आणि ती आमच्याच मुलखातली आहे. पैठणची नाथषष्ठी म्हणजे फाल्गुन वद्य षष्ठी. परंपरा तिला पंचपर्वा म्हणते. जनार्दनस्वामींचा जन्म, त्यांना झालेला दत्तानुग्रह, गुरुशिष्यांची भेट, स्वामींचे निर्वाण आणि एकनाथांची जलसमाधी, हे पाचही प्रसंग त्या एका तिथीचे. भारुडे रचून ती लोकांच्या तोंडी बसविणारे नाथ हे त्या काळचे लोकप्रिय संगीतकारच होत, असे म्हटले तर वारकरी रागावणार नाहीत. पाचही प्रसंग खरोखर एकाच तिथीस घडले की भक्तांनी ते प्रेमाने तेथे आणून बसविले, हा वाद मी घालीत नाही. मला एवढेच दाखवावयाचे आहे की स्मरणाचा दिवस काही अंशी घडतो आणि काही अंशी घडविला जातो.

हा दिवस कोणत्या पंचांगाने धरावयाचा, हा पुढचा पेच. पं. विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० चा आणि मृत्यू १९ सप्टेंबर १९३६ चा. या झाल्या तारखा. त्या पाठ करणारे विद्यार्थी परीक्षेनंतर विसरतात. पण भातखंडे गोकुळाष्टमीस जन्मले आणि गणेशचतुर्थीस गेले, हे एकदा ऐकलेला मनुष्य जन्मभर विसरत नाही. तिथीचे सामर्थ्य हे असे आहे. तिची अडचणही तितकीच मोठी. बारा चांद्रमासांचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, म्हणजे सौर वर्षाहून अकरा दिवसांनी तोकडे. ही तूट भरून काढण्यास आपण एकोणीस वर्षांत सात अधिक मास घालतो. म्हणून मनुष्याची जन्मतिथी व जन्मतारीख एकोणीस वर्षांनी, म्हणजे वयाच्या १९, ३८, ५७ आणि ७६ व्या वर्षी, एखाद्या दिवसाच्या फरकाने पुन्हा एकत्र येतात. घरी जुने पंचांग असेल तर हे ताडून पाहावे.

नांदेडकरांना याचे उदाहरण दूर शोधावयास नको. गुरू गोविंदसिंगांचा प्रकाशपर्व पौष शुद्ध सप्तमीचा. २०२५ साली तो ६ जानेवारीस झाला आणि त्याच वर्षी पुन्हा २७ डिसेंबरलाही आला. २००३ साली अमृतसरच्या शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटीने ठराविक तारखांचे नानकशाही पंचांग लागू केले, तेव्हा नांदेडच्या तख्ताने ते न स्वीकारता जुने विक्रमी पंचांगच चालू ठेवले. कंधारच्या हाजी सय्याह यांच्या दर्ग्याचे पंचांग तिसरेच, हिजरीचे. त्यात अधिक मास नाही, म्हणून हिजरी तिथीने येणारा दिवस सुमारे तेहतीस वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतो. ‘उरूस’ या शब्दाचा मूळ अर्थ लग्न. संताचा मृत्यू म्हणजे ईश्वराशी मीलन, म्हणून त्या दिवशी रडणे नव्हे, कव्वाली. पुण्यतिथीला गाणे करावे ही आपली रीतही भावाने याहून निराळी नाही.

दिवस कोठे सुरू होतो, यावरही मतभेद आहेच. इंग्रजी दिवस मध्यरात्री पालटतो आणि पंचांगाचा वार सूर्योदयाला. लातूर जिल्ह्याला हे समजावून सांगण्याची गरज नसावी. किल्लारीचा भूकंप पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला. शासकीय कागदात तो ३० सप्टेंबर १९९३, गुरुवार. लोकांच्या स्मरणात मात्र ती अनंत चतुर्दशीची, गणपती बोळवल्याची रात्र आहे, आणि पंचांगाप्रमाणे वारही अजून बुधवारच होता. दोन्ही नोंदी खऱ्या. मध्यरात्रीनंतर मैफल संपवून घरी परतताना गेलेल्या वादकाची पुण्यतिथी त्याच्या घरी एका दिवशी व मंडळात दुसऱ्या दिवशी होते, ती याच कारणाने. त्यात कोणाचीही चूक नसते.

आणि कधी कधी सोयीसाठी दिवस सरळ सोडूनही दिला जातो. सवाई गंधर्व १२ सप्टेंबर १९५२ रोजी गेले. त्यांच्या स्मरणार्थ भीमसेन जोशींनी १९५३ पासून पुण्यात जो महोत्सव चालविला, तो आज डिसेंबरच्या थंडीत होतो. गुरूच्या पुण्यतिथीशी असलेले तारखेचे नाते सुटले, म्हणून स्मरण कमी झाले काय? उलट, तारखेला चिकटून राहून भर पावसात दहा माणसांसमोर हारतुरे घालणारी मंडळे पाहिली म्हणजे पुणेकरांचा व्यवहारीपणा मला तरी पटतो.

आपण जयंतीपेक्षा पुण्यतिथी अधिक का पाळतो, याचे एक कारण भक्तीचे आहे, तसे एक अगदी साधेही आहे. मनुष्य जन्मतो तेव्हा तो कोण होणार हे कोणास ठाऊक नसते; तो जातो तेव्हा सर्वांस ठाऊक असते. कुंदनलाल सैगल १८ जानेवारी १९४७ रोजी गेले, याविषयी मतभेद नाही. जन्म मात्र कोठे ४ एप्रिल तर कोठे ११ एप्रिल १९०४ असा छापलेला आढळतो. किशोरी आमोणकर मोगूबाईंसारख्या मोठ्या गायिकेच्या पोटी जन्मल्या, तरी त्यांच्या जन्मसालाविषयी १९३१ की १९३२ असा फरक पडलाच. त्या ३ एप्रिल २०१७ रोजी गेल्या, हे सर्वत्र एकसारखे आहे.

मोठ्या नावांची ही कथा, तर आमच्या भागातील भजनी, गोंधळी, शाहीर, सनईवाले यांची काय असेल? अण्णासाहेब गुंजकर, त्यांचे शिष्य नाथराव नेरळकर अशी नांदेडच्या मातीतील काही नावे संगीताच्या इतिहासात नोंदली गेली. गोरट्याच्या दासगणू महाराजांची कीर्तने ग्रंथरूपाने राहिली. परंतु ज्यांनी देवळात चाळीस वर्षे पखवाज धरला, त्यांच्या शाळेच्या दाखल्यावर १ जून लिहिलेला असतो. शाळा जूनमध्ये उघडे, बापास तारीख सांगता येत नसे, आणि हेडमास्तर शाळेत घेण्यापुरते वय बसवून १ जून टाकीत. महाराष्ट्रातील कितीतरी माणसे अशी कागदोपत्री एकाच दिवशी जन्मली आहेत! तेवीस जणांचे गणित येथे लागू पडत नाही.

निजामी अमलातील नोंदींची आणखी एक गुंतागुंत आहे. हैदराबाद संस्थानचा कारभार उर्दूत चाले आणि कागदावर फसली सन असे. वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आजूर महिन्याने सुरू होई. पुढे दै, बहमन अशी फारशी नावे. फसली सनाचा इसवी करताना ऑक्टोबर ते डिसेंबरच्या नोंदीत ५९० मिळवावे लागतात आणि पुढच्या नऊ महिन्यांच्या नोंदीत ५९१. हे न जाणता सरसकट ५९० मिळविले की माणूस कागदावर एका वर्षाने थोरला होतो. जुन्या मराठवाडी मंडळींच्या चरित्रांत सालाचा एका वर्षाचा घोळ दिसला, तर प्रथम येथेच संशय घ्यावा.

हा गुंता सोडविण्यास विद्यापीठातील संशोधकच पाहिजे असे नाही. म्हाताऱ्या वादकापाशी बसून तारीख विचारू नये, कारण ती त्याला येणार नाही, प्रसंग विचारावेत. रझाकारांच्या आधी की नंतर? बहात्तरच्या दुष्काळात मूल केवढे होते? महिना अधिकाचा होता काय? वार कोणता? समजा, कोणी सांगितले, ‘आई म्हणायची, पोलीस ॲक्शनच्या आदल्या साली, अधिकात, अवसेच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी.’ पोलीस ॲक्शन सप्टेंबर १९४८ ची. आदल्या साली श्रावण अधिक होता. तो १८ जुलैस सुरू होऊन १६ ऑगस्टला, शनिवारी, अमावास्येस संपला. तेव्हा तिच्या आदला शुक्रवार १५ ऑगस्ट १९४७ चा. दिल्लीत त्या दिवशी तिरंगा फडकत होता आणि मराठवाड्यात तो फडकविणाऱ्यास निजामाचा तुरुंग होता. त्या मुलाची नोंद त्या दिवशी कोणी केलीच असती, तर ती १३५६ फसली अशी झाली असती. भजनी मंडळाच्या वहीत आता त्याच्या नावापुढे ही तारीख, तिच्याखाली अधिक श्रावण वद्य चतुर्दशी ही तिथी, आणि दाखल्यावरचा १ जूनही, असे तिन्ही लिहून ठेवावे. आणि शेजारी हे कोणी सांगितले, त्याचे नाव.