चला घारापुरीला, पण सावकाश!

विचुंब्याच्या दोस्तांनो, बेट पाहायला लांब कशाला जायचं? आपल्या रायगड जिल्ह्यातच, उरण तालुक्यात घारापुरी आहे की! मुंबईच्या गेटवेवरून लाँचने तासाभरात पोचता येतं. सोमवारी मात्र लेणी बंद असतात, बरं का!

बहुतेक मंडळी धावतपळत पायऱ्या चढतात, फोटो काढतात नि परतीची लाँच गाठतात. तुम्ही तसं करू नका. सुमारे 20 फूट उंच त्रिमूर्तीपुढे थोडा वेळ नुसते उभे राहा. अंधाराला डोळे सरावले, की तिन्ही मुखांवरचे भाव वेगळे दिसू लागतात. एक शांत, एक उग्र, एक कोमल.

इथला दगडी हत्ती पाहून पोर्तुगीजांनी बेटाला 'एलिफंटा' म्हटलं. तो हत्ती आता भायखळ्याला, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे.

पण लेणी म्हणजेच घारापुरी नव्हे. शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर या तीन वस्त्यांत माणसं राहतात. समुद्राखालून केबल टाकून त्यांच्या घरी वीज आली ती फेब्रुवारी 2018 मध्ये. म्हणजे स्वातंत्र्यानंतर तब्बल 70 वर्षांनी! तोवर संध्याकाळी काही तास जनरेटर चाले, मग काळोख. तेव्हा अभ्यास कसा व्हायचा, हे एखाद्या दुकानातल्या मावशींना विचारा. ही गोष्ट लेण्यांच्या पाटीवर लिहिलेली नसते.

आणि हो, खाऊची रिकामी पाकिटं परत आणायची. पाहुणे संध्याकाळी निघून जातात, कचरा मात्र गावकऱ्यांपाशीच राहतो!