मालिका पाहता पाहता इंग्रजी

‘बीटीएस’ या कोरियन पॉप गटाचा म्होरक्या आरएम परदेशी मुलाखतींत सफाईदार इंग्रजी बोलतो. ही भाषा कशी शिकलास, असे २०१७ मध्ये एलेन डीजेनरस यांच्या कार्यक्रमात विचारल्यावर त्याने ‘फ्रेंड्स’ या अमेरिकन मालिकेचे नाव घेतले. आईने डीव्हीडींचा संच आणून दिला होता. त्याने ती मालिका आधी कोरियन सबटायटल्ससह पाहिली, मग इंग्रजी सबटायटल्ससह आणि शेवटी सबटायटल्सशिवाय.

हा क्रम फार मोलाचा आहे. पहिल्या फेरीत गोष्ट कळते. दुसऱ्या फेरीत कानावर पडलेला आवाज आणि पडद्यावरचा शब्द यांची जोडी जुळते. पुस्तकातले ‘गोइंग टू’ बोलण्यात ‘गॉना’ होते, हे तिथेच उमगते. तिसऱ्या फेरीत आधार सुटतो. तब्बल २३६ भागांची ही मालिका पुन्हा पुन्हा पाहायला कंटाळा येत नाही, कारण तोवर पात्रांचा लळा लागलेला असतो.

रॉबर्ट गार्डनर आणि वॉलेस लॅम्बर्ट या मानसशास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये माँट्रियलमधल्या फ्रेंच शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासातून प्रेरणेचे दोन प्रकार मांडले. एक परीक्षा, नोकरी अशा फायद्यासाठी. दुसरी, त्या भाषेच्या माणसांशी जवळीक साधण्यासाठी. गाणी आणि मालिका या दुसऱ्या ओढीला खतपाणी घालतात.

अर्थात, नुसते पाहून लिहिता येत नाही. व्याकरण आणि सराव लागतोच. पण सरावाला बसायची इच्छा आधी जागी व्हावी लागते.

२०२१ मध्ये ‘फ्रेंड्स’च्या पुनर्भेटीच्या विशेष भागात ‘बीटीएस’ही झळकले.