वासरांची पांढरी हगवण व गाईचा चीक

वासरूं जन्मल्यापासून चार-पांच दिवसांत पांढरें, पातळ हगूं लागतें, त्याचे डोळे खोल जातात व पाहतां पाहतां तें दगावतें, हा प्रकार गोठा राखणारांस नवा नाहीं. या हगवणीचीं कारणें अनेक आहेत. परंतु इतक्या कोंवळ्या वयांत पुष्कळदां ई. कोलाय नांवाच्या जंतूची एक विशिष्ट जात तीस कारण असते.

हा जंतु पोटांत नुसता गेल्यानें फारसें बिघडत नाहीं. आंतड्याच्या प्रवाहाबरोबर तो वाहून जातो. परंतु त्याच्या अंगावर प्रथिनाचे केसांहून बारीक तंतू असतात. त्यांच्या योगें तो आंतड्याच्या अस्तरास चिकटतो, तेथें वाढतो व विष सोडतो. त्या विषानें शरीरांतील पाणी आंतड्यांत पाझरतें, आणि वासरूं मरतें तें पाणी गेल्यामुळें. महसूल खात्यांत ज्यानें दिवस काढले, त्यास ठाऊक असतें कीं कब्जावांचून नुसता दावा पीक देत नाहीं. जंतूचा कब्जा म्हणजे हे तंतू.

वासरांतील तंतूंस के-९९ व डुकरांच्या पिलांतील तंतूंस के-८८ म्हणतात. १९७१ सालीं स्मिथ व लिंगूड यांनीं दाखविलें कीं, के-८८ काढून घेतल्यावर जंतूची रोग करण्याची शक्ति बहुतांशीं जाते. १९७३ सालीं रटर व जोन्स यांनीं गाभण डुकरिणींस त्याच प्रथिनाची लस टोंचली, तेव्हां त्यांच्या अंगावर पिणाऱ्या पिलांस संरक्षण मिळालें. जंतु मारण्याच्या औषधांस जंतु कालांतरानें दाद देईनासे होतात. येथें त्यास मारावयाचें नसून त्याची पकड सोडवावयाची आहे.

गाईसाठींही के-९९ची लस निघाली असून ती विण्यापूर्वीं कांहीं आठवडे टोंचतात. तंतूंस झांकून टाकणारीं प्रतिपिंडें गाईच्या रक्तांत तयार होऊन चिकांत उतरतात. वासरूं तीं जन्मतः बरोबर आणीत नाहीं, आणि तीं रक्तांत शोषून घेण्याची त्याच्या आंतड्याची शक्ति तासागणिक घटून सुमारें २४ तासांत संपते. असें असतां वार पडेपर्यंत वासरास पाजूं नये, ही समजूत अजून कित्येक घरीं आहे! वार पडण्यास आठ-दहा तास लागले, तर लसीचा पैसाही व्यर्थ आणि वासरूंही धोक्यांत. पहिल्या दोन तासांतच पाजण्यास आरंभ करावा. २५ किलोच्या वासरास पहिल्या दिवसांत निदान अडीच लिटर चीक मिळावा. खरवस उरेल त्याचा करावा.

हगवण लागलेल्या वासरास मात्र मीठ-ग्लुकोजचें पाणी थोडथोडें पाजीत राहून पशुवैद्यास तत्काळ बोलवावें.