बुबुळावर फूल का पडते?

ऊसतोडणीत पानाची धार डोळ्याला लागते, मळणीत कुसळ उडते, आणि हात आपोआप डोळ्याकडे जातो. दोनदा चोळले की तेवढ्यापुरते बरे वाटते. तो हात आवरा, असे डॉक्टर सांगतात. पण का, ते समजल्याशिवाय कोण ऐकतो?

डोळ्याच्या काळ्या भागावर घड्याळाच्या काचेसारखे पारदर्शक पटल असते. नेत्रदानातून दुसऱ्याला बसवतात ते हेच. मधोमध त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. तेवढ्यात कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंचे दोनशेच्या वर थर. प्रत्येक थरात तंतू पाभरीने पेरलेल्या ओळींसारखे समांतर, सारख्या अंतरावर. या शिस्तीमुळेच उजेड आरपार जातो, हे डेव्हिड मॉरिस यांनी १९५७ साली मांडले. डोळ्यातील पाण्याचा दाब पटलाला आतून सतत बाहेर ढकलत असतो. तो ताण हे तंतू पेलतात.

वर पाच-सहा पदरी पेशींची पातळ साय असते. पापणी दिवसात हजारो वेळा तिच्यावरून फिरते आणि साय झिजते. म्हणून आठवडा-दीड आठवड्यात ती सारी नवी होते. नव्या पेशी येतात काठावरून. काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवर जणू त्यांची रोपवाटिका आहे. तेथून त्या मधल्या भागाकडे सरकतात. आता गंमत पाहा. रोपांच्या वाफ्याची माती आपण भुसभुशीत ठेवतो ना? तसाच हा काठही मऊ आणि मधला भाग ताठ. इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठातील संशोधकांनी ताठ भाग मुद्दाम मऊ केला, तेव्हा तेथल्या पेशी रोपवाटिकेतल्या पेशींसारख्या वागू लागल्या. हे काम २०१९ साली प्रसिद्ध झाले. पायाखालची जागा मऊ की ताठ, हे पेशीला कळते तर!

म्हणूनच नुसती साय खरचटली, तर शेजारच्या पेशी सरकून दोन-तीन दिवसांत जागा भरतात; मागे खूणही राहत नाही. पण सायीखालचे पातळ अस्तर एकदा फाटले की पुन्हा तसे येत नाही. मग खालच्या थरांत निवांत पडलेल्या चपट्या पेशी जाग्या होतात, आजूबाजूचे तंतू धरून ओढू लागतात आणि वेडेवाकडे नवे तंतू घालतात. जखम सांधते, पण ओळी मोडतात. उजेड अडतो. यालाच आपण फूल म्हणतो. ते दाट असेल तर औषधाने जात नाही.

डोळ्यात कण असताना चोळणे म्हणजे साधा ओरखडा आपल्याच हाताने खोल नेणे. खाज येते म्हणून वर्षानुवर्षे डोळे चोळणाऱ्या काही मुलांत आणखी एक दोष दिसतो. बाजेचा सुंभ सैल झाला की झोळ पडतो, तसे पटल कमजोर होऊन आतल्या दाबाने शंकूसारखे पुढे येते. अशा मुलाचा चष्म्याचा नंबर सारखा बदलत असेल, तर डोळ्याच्या डॉक्टरांना जरूर दाखवा.

डोळ्यात काही गेले तर उकळून गार केलेल्या पाण्याने धुवा. पदराचे टोक, काडी, जीभ यांनी काढू नका. दूध, मध, पाल्याचा रसही नको. धुऊनही सलत असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. नेपाळच्या भक्तपूर भागात गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्यांनी बुबुळ खरचटलेल्या ४४२ जणांना तीन दिवस जंतुनाशक मलम लावले. त्यांतील जे १८ तासांच्या आत आले, त्यांच्यापैकी एकाच्याही बुबुळावर व्रण चिघळला नाही. हा अहवाल २००१ सालचा. खर्च मलमाच्या एका नळीचा!

आणि घरात उरलेली जुनी बाटली? ती तर मुळीच नको. पानाच्या ओरखड्यातून बुरशी शिरते, आणि स्टेरॉइडचे थेंब पडले की ती फोफावते. लाली मात्र दोन दिवस कमी दिसते, आणि दवाखान्यात जायचे राहून जाते.