अनुमापन आणि सामू ७ चा हट्ट

व्हिनेगरमधले ॲसिटिक आम्ल सौम्य, तेव्हा त्याच्या अनुमापनाला अल्कही कमी लागेल, असे बारावीतले बरेच विद्यार्थी धरून चालतात. प्रत्यक्षात ०.१ मोलार हायड्रोक्लोरिक आम्ल २५ मिली घ्या किंवा तेवढ्याच संहतीचे ॲसिटिक आम्ल २५ मिली घ्या, दोन्हींना ०.१ मोलार सोडियम हायड्रॉक्साइड २५ मिलीच लागते. ॲसिटिक आम्लाचे एका वेळी फार थोडे रेणू विघटित झालेले असतात, हे खरे. पण अल्क पडू लागला की सुटे हायड्रोजन आयन वापरले जातात, त्यांच्या जागी आणखी रेणू विघटित होतात आणि हे आम्ल संपेपर्यंत चालते. ब्युरेटवरचे रीडिंग आम्ल किती आहे ते सांगते. ते किती तीव्र आहे, हा प्रश्न वेगळा.

तीव्रतेचा परिणाम दिसतो तो शेवटी. ‘उदासिनीकरण झाले म्हणजे सामू ७’ हे वाक्य पाठ झालेले असते, पण ते तीव्र आम्ल आणि तीव्र अल्क यांच्या जोडीपुरतेच खरे. वरच्या उदाहरणात ॲसिटिक आम्लाला नेमका पुरेसा अल्क मिळतो तेव्हा सामू ८.७ च्या आसपास असतो, कारण तयार झालेला ॲसिटेट आयन पाण्याकडून हायड्रोजन आयन घेतो आणि हायड्रॉक्साइड मागे उरतो. म्हणून इथे फिनॉल्फ्थॅलीन हवे. त्याचा रंग साधारण ८.३ ते १० या सामूत बदलतो. मिथिल ऑरेंज ३.१ ते ४.४ मध्येच बदलते. ते पूर्ण पिवळे होते तेव्हा जेमतेम तीस टक्के ॲसिटिक आम्ल संपलेले असते! दर्शक कोणताही चालतो, या समजुतीची किंमत एवढी मोठी आहे.

गुलाबी रंग गडद आला म्हणजे अनुमापन छान झाले, असेही नाही. अर्धा मिनिट टिकणारी फिकट छटा पुरे. नंतर ती विरली तर घाबरून आणखी थेंब टाकू नयेत. हवेतला कार्बन डायऑक्साइड द्रावणात विरघळल्याने ती जाते.

ब्युरेट आणि पिपेट ज्या त्या द्रावणाने विसळायचे, कॉनिकल फ्लास्क मात्र फक्त डिस्टिल्ड वॉटरने. फ्लास्कमध्ये थोडे पाणी राहिले तरी आम्लाचे मोल तेवढेच राहतात. तो आम्लाने विसळला तर ते वाढतात.

सोडियम हायड्रॉक्साइड अचूक तोलले की संहती अचूक, हाही भ्रमच. ते तोलता तोलता हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड शोषते, म्हणून त्याचे द्रावण आधी ऑक्झॅलिक आम्लाच्या प्रमाण द्रावणाशी ताडून घ्यावे लागते. आणि सीबीआर (कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, म्हणजे पुन्हा पुन्हा सारखेच येणारे रीडिंग) मिळाला असे दाखवण्यासाठी रीडिंग जुळवून लिहिणे मला सर्वांत घातक वाटते. तफावत आली तर पुन्हा अनुमापन करावे, चूक कुठे झाली ते तिथेच कळते.

अनुमापन आम्ल-अल्कापुरते मर्यादित नाही. गरम ऑक्झॅलिक आम्लात पोटॅशियम परमँगनेट टाकताना वेगळा दर्शक लागतच नाही. त्यात पहिला थेंब काही वेळ गुलाबीच राहतो आणि अनेकांना तोच अंतिम बिंदू वाटतो. अभिक्रिया सुरुवातीला मंद असते. तिच्यातूनच तयार होणारे मँगनीज आयन पुढे तिचा वेग वाढवतात. पहिला थेंब विरेपर्यंत फ्लास्क हलवत थांबावे, मग पुढचा सोडावा.